सेनापती वेशीवर

३ तारीख, सोमवार

नाही, चष्म्याचा नंबर वाढलेला नाही, आणि पुस्तक मी कुणाकडून वाचून घेत नाहीये. माझं मी वाचतेय. सातवीच शिकले म्हणून काय झालं? सातवीनंतर काही नवीन अक्षरं देत नाहीत. माझं अक्षर वाकडं दिसेल, ते दुकानातलं टेबल हलतं म्हणून.

तर धाकटे, तुझ्या कादंबरीचं पार्सल मिळालं. तिसरा भाग. आत चिठ्ठी नाही, चपाटी नाही. इतके महिने फोन नाही आणि एकदम विटेएवढं पुस्तक! शेजारच्या शिंप्याला वाटलं धारेचा नवीन दगड मागवला. म्हणाला, "काय सेनापतीणबाई, जुना झिजला?" तो मला हल्ली असंच बोलावतो. तुझी कृपा.

आपलं जे बोलणं झालं ते मी विसरलेले नाही. बोलणं कसलं, भांडणच. मी तुला सरळ सांगितलं होतं की पोरगा म्हणतो, आई, आता दुकान बंद कर, तू आणि मधली मावशी दोघी माझ्याकडे या. गाळा घ्यायला मोबाइलची कव्हरं विकणारा तयारच आहे. वडिलांनी चाक बसवलं तेव्हापासून चाकू-कात्र्यांना धार लावतोय आपण, कधीतरी थांबायचंच. यावर तू काय विचारावंस? "मधलीला विचारलंस का?" अगं, त्यात विचारायचं काय? ती जन्मात कधी नाही म्हणाली आहे? तिकडे लांब बसून उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातं? मग फोन कट झाला. मी ठेवला नाही, कट झाला.

ते जाऊ दे. पुस्तकाचं बोलते.

पहिल्या दोन भागांतली सेनापती म्हणजे मी, हे तू कधी कबूल केलं नाहीस. पण हनुवटीवर तीळ कुणाच्या आहे? एक शत्रू आडवा केला की "पुढचा!" म्हणून कोण ओरडतं? मी काउंटरवर गिऱ्हाइकांना अशीच ओरडते, सगळी गल्ली ऐकते. पहिला भाग आला तेव्हा मला रागच आला होता. एवढं मोठं नाक कुणी सांगितलं होतं द्यायला? पण बाई लढते बरी. त्या आग ओकणाऱ्या जनावराच्या शेपटीवरून चढून जाते ते मी दोनदा वाचलं. (त्या जनावराच्या मिशा कशा जळत नाहीत ते मात्र तू कुठे लिहिलं नाहीस.) मी काही कुणाला सांगत फिरले नाही. शिंप्याला सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, आणि दवाखान्यातल्या नर्सबाईंना, त्यांनीच विषय काढला म्हणून.

आणि आता तिसऱ्या भागात काय केलंस? पहिल्या प्रकरणात सेनापती फौज घेऊन शहराच्या वेशीपाशी येते. दार बंद. वर आभाळात ते जनावर घिरट्या घालतंय. ती ओरडते, "वेस उघडा!" झालं. प्रकरण संपलं. दुसरं प्रकरण उघडावं तर मागे तळावर तलवारींना धार लावणारी ती बाई, जी दोन भागांत मिठाची गुळणी धरून बसली होती, ती बसून दगड धुतेय. मी म्हटलं, धुवेल दोन पानं आणि मग येईल लढाई. कसलं काय! तिसऱ्या प्रकरणात धारवाली, चौथ्यात धारवाली. मी आपली वेशीवर उभी!

याला काय म्हणायचं ते तूच सांग. नको सांगूस. कामं आहेत.

ताई

९ तारीख, रविवार

तुझं उत्तर आलं नाही, मी वाटही पाहत नव्हते. पत्र पोचायला वेळ लागतो हे मला कळतं.

काल एक कॉलेजची पोरगी घरची कात्री घेऊन आली. काउंटरवर पुस्तक पाहिलं आणि नाक मुरडलं. "आजी, तुम्ही पण वाचताय? तिसरा भाग अगदीच बोअर आहे हो. सेनापती गायब, आणि ती दगडवाली बाई नुसती घाशीत बसते. आम्ही सगळे चिडलोय."

मी म्हटलं, "किती वाचलंस?"

"अर्धंच. मग सोडलं."

"सेनापती मी आहे," मी म्हटलं. "मला वेशीवर उभं केलंय, तरी मी वाचतेय. तुला काय धाड भरली? पूर्ण वाच आणि मग ये तोंड वर करून. पुढचा!"

पुढचा कुणी नव्हता. पण म्हटलं.

खरं सांगायचं तर मलाही राग आलाच होता. कानामागून आली आणि तिखट झाली, असं वाटलं. पण धाकटे, तू त्या बाईला जे जे दिलं आहेस ते मी रोज बघते गं. पाते दगडाला लावलं की ती मान तिरकी करते आणि कान खाली नेते. आवाज बदलला की थांबते. पाण्याच्या डब्यात बोटं बुडवून तीच बोटं कपाळाला लावते. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की चाक जरा जोरात फिरवते, म्हणजे काही ऐकूच येत नाही. हे सगळं मी इथे बसून बघते, आत्ता पण बघतेय. पण बघत असून बघितलं नव्हतं. तुझ्या पुस्तकात वाचलं आणि मान वर केली तर समोर तीच, तशीच, मान तिरकी. अंगावर काटा आला. थंडी होती म्हणून असेल.

ही कोण आहे ते मला कळलं. न कळायला काय झालं?

मधलीला मी काही बोलले नाही. पुस्तक काउंटरच्या खाली ठेवते. तिला उगीच कशाला? ती अशी साधी, तिला वाटेल आपलं काही चुकलं म्हणून पुस्तकात घातलं.

शिंप्याची मोठी कात्री परवा बिघडली. धार उलट्या बाजूने गेली. हल्ली लोखंड चांगलं येत नाही. मधलीने पुन्हा धार लावली. काही बोलली नाही, ती काय बोलणार? तिने कात्री माझ्या हातातून घेतली आणि चाकाकडे गेली. आता ती कात्री केसाला लावली तरी केस दुभंगेल. आमच्या दुकानासारखी धार आख्ख्या गावात मिळत नाही, हे शिंपी स्वतः म्हणाला. त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे दगडातून तेल.

ताई

१४ तारीख, शुक्रवार

आता मी जे लिहिते ते नीट वाच आणि मग उत्तर दे.

दोरा.

मधली धार लावून झाली की काय करते ते तुला माहीत आहे. दोरा पाण्यात बुडवते, ताणते, त्यावर पाते ठेवते. न ओढता, नुसत्या वजनाने दोरा तुटला तर काम झालं. मग त्या दोऱ्याचा तुकडा मुठीला बांधते आणि वस्तू परत देते. मला तो नखरा वाटायचा. मी अंगठ्याने बघते, वडील अंगठ्यानेच बघायचे. गिऱ्हाइकं विचारायची, "दोरा कशाला हो?" मी सांगायचे, "सवय आहे तिची." आणि खरंच तेवढंच मला माहीत होतं. इतकी वर्षं शेजारी बसून मी तिला एकदा विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असंच वाटलं नाही.

तुझ्या सातव्या प्रकरणात फौजेतली ती नगारा वाजवणारी लहान पोरगी विचारते, "तू तलवारीला दोरा का बांधतेस?" आणि धारवाली, जी तोवर एक शब्द बोललेली नाही, ती म्हणते, "दोरा दिसला की कळतं, धार बघून झालीये. मग कुणी अंगठा लावून बघत नाही."

त्या पोरीच्या अंगठ्यावर जुनी खूण आहे.

तुझ्या अंगठ्यावर आहे तीच. तू चार-पाच वर्षांची असशील. नवीन धार लावलेला सुरा तू माझं बघून अंगठ्यावर ओढलास. किती रक्त! मी तुला उचललं, गल्लीभर ओरडत दवाखान्यात नेलं, डॉक्टरला वेळ लागला म्हणून त्यालाही ओरडले. सगळ्यांना ते माझं ओरडणं आठवतं. अजून सांगतात, "काय तुमची ताई, आख्खा दवाखाना हलवला." आणि मधली इथेच राहिली. तिने फरशी पुसली आणि दोरा बांधायला लागली. त्या दिवसापासून आजपर्यंत.

तुला हे तिने सांगितलं? का तू ओळखलंस? मला का नाही कुणी सांगितलं? सांगितलं असतं तर मी काय म्हणाले असते ते मला माहीत आहे. म्हणाले असते, "एवढं कशाला?"

ते असो. पुढे वाचायला पुस्तक काढलं, तर माझी खूण होती त्याच्या बऱ्याच पुढे पानांत काहीतरी होतं. दोऱ्याचा तुकडा. वाळलेला, टोकाला कापलेला. म्हणजे मी दुपारी जरा डोळे मिटते तेव्हा बाईसाहेब काउंटरखालून पुस्तक काढून वाचतात! मी तिच्यापासून लपवतेय आणि ती माझ्या पुढे गेलीये. दुसरीकडे बघून मी हसले. तिनेही दुसरीकडे बघितलं.

मग मीही घाईघाईने वाचलं. दोऱ्यापर्यंत पोचले. तिथे सेनापती निरोप पाठवते. वेस उघडत नाही, फौज मागे घ्या, जड सामान टाका, दगड टाका. आणि धारवाली उभी राहते आणि म्हणते, "मी दगड सोडणार नाही."

दोरा त्याच पानात होता.

मला फक्त एवढंच सांग. हे तू आपल्या भांडणानंतर लिहिलंस की आधी? भांडणानंतर लिहिलं असशील तर तो मला मारलेला टोमणा आहे, आणि टोमण्याला टोमणा द्यायला मी समर्थ आहे. आधी लिहिलं असशील तर मला विचार करावा लागेल.

ताई

२२ तारीख, शनिवार

तुझं पत्र आलं. चारच ओळी, पण आल्या.

आधी. म्हणजे दुकान बंद करायचं माझ्या मनातही नव्हतं तेव्हाच तू ते पान लिहिलंस. म्हणजे मी कुठल्यातरी दिवशी "दगड टाका" म्हणेन आणि ती काय म्हणेल, हे तुला लांब बसून माहीत होतं. बरं. डोकं आहे तुला. लहानपणी वाटलं नव्हतं.

आता मंगळवारी काय झालं ते सांगते. कुणी दुसऱ्याने सांगण्याआधी मीच सांगते, कारण शिंपी त्यात मीठमसाला घालून सांगत फिरतोय.

मोबाइलवाला गाळ्याचं माप घ्यायला आला. पोरानेच पाठवला होता. त्याच्याकडे टेप नव्हती, म्हणून त्याने शिंप्याची मागून आणली. कापडी टेप असते ना, ती. दारापासून सुरुवात केली. "इथे काचेचं कपाट, इथे आरसा, इथे रंगीत दिवे." मधली मोठ्या चाकावर होती. शिंप्याची दुसरी कात्री हातात. तो सरकत सरकत तिच्यापर्यंत आला आणि म्हणाला, "मावशी, जरा उठता का? हे चाक निघेल ना, इथे सेल्फीचा कोपरा होईल."

तिने चाक थांबवलं. कात्री पुसली. दोरा शोधायला पदराशी हात नेला, आणि मागे घेतला. समोर ताणलेली टेप होती. तिने कात्री उघडली, टेप मध्ये घेतली आणि मिटली.

कच्च. आवाजसुद्धा झाला नाही नीट. टेपचं टोक त्याच्या हातात, बाकीची जमिनीवर.

"धार चांगली लागली," ती म्हणाली. आणि दाराकडे बघून, "भाऊ, तुमची कात्री झाली. टेप नवीन घ्या."

शिंपी दारात उभा होता. त्याला रडावं की हसावं कळेना. "अहो, माझी कात्री, माझीच टेप!" म्हणाला आणि पोट धरून खाली बसला. मोबाइलवाला माझ्याकडे बघायला लागला. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. नेहमी असंच होतं, काही झालं की मी बोलते.

मी बोलले नाही.

मधली मग त्याला नाही, मला म्हणाली, "ताई, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते."

एवढंच. आवाज न चढवता, पाते वाजतं तसं, स्वच्छ. धाकटे, मी तुला काय सांगू! मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटायला हवं होतं, नाही का? तसं नाही वाटलं. छाती फुगली माझी. म्हटलं, बघा! आमची आहे ही. वडिलांनी चाक बसवलं, मी आवाज दिला, पण धार हिची आहे. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडलेच.

"ऐकलंत ना? गाळा द्यायचा नाही. पुढचा!"

पोराला संध्याकाळी फोन केला. तो म्हणाला, "आई, पण तुझा हात..." मी म्हटलं, हात माझा आहे, दुकान तिचं आहे. त्यात तुझं काय? तो म्हणाला, "मावशी खरंच असं म्हणाली?" त्यालाही अभिमान वाटला. सांगितलं नाही त्याने, पण आवाजावरून कळतं. आता तो सुटीत येणार आहे, चाकाची मोटर बघायला.

हाताचं तुझ्या कानावर आलंच आहे, म्हणून लिहिते. टेबल हलत नाही. टेबल घट्ट आहे. शिंप्याची पहिली कात्री लोखंडाने बिघडली नाही. डॉक्टर म्हणतात, याला औषध आहे पण धार लावणं नको. तर नको. त्यात रडायचं काय? मी काउंटरवर बसते, गिऱ्हाइकांशी बोलते, कागदात गुंडाळते. दोरे बांधते. कापरा हात असला तरी गाठ मारता येते. उलट घट्ट बसते.

ताई

२९ तारीख, शनिवार

पुस्तक संपलं. दोघींचं एकाच दिवशी. मधलीने शेवटची पानं मोठ्याने वाचली आणि मी ऐकली. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. होतं एक, त्यालाही बसवलं.

ती अडखळत वाचते, पण थांबत नाही. सगळी फौज बोथट तलवारी घेऊन एकेक करून दगडापाशी परत येते, ते वाचताना तिने पाण्याच्या डब्यात बोटं बुडवली आणि कपाळाला लावली. पुस्तकात ती बाई तेच करत होती. गिऱ्हाइकाने एकदा पुस्तकाकडे बघितलं, एकदा तिच्याकडे बघितलं, आणि ते चाकू न घेताच उठायला लागलं. मी त्याला परत बसवलं.

आता तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीचं. तुझा प्रकाशक म्हणतो की वाचक चिडलेत, चौथ्या भागात सेनापतीला पहिल्या पानावर आणा, धारवालीला एखाद्या लढाईत मारून टाका. आणि तू मला विचारतेस, ताई, काय करू? मला कशाला विचारतेस? मी काय पुस्तकं लिहिते? पण विचारलंस म्हणून सांगते, आणि हे त्याला माझ्या नावाने सांग. सांग, सेनापतीने सांगितलंय.

धारवालीला हात लावायचा नाही. फौज कितीही मोठी असली तरी बोथट तलवारीने काही होत नाही, हे ज्याला कळत नाही त्याने चाकूने भाजी पण कापू नये. वाचक चिडले तर चिडू दे. मी पण चिडले होते. चिडून वाचलं, पण वाचलं ना? ती कॉलेजची पोरगी परवा परत आली होती, पूर्ण वाचून. आता माझ्याकडे बघत पण नाही. मधलीसमोर उभी राहते आणि म्हणते, "मावशी, तुम्ही खरंच दोरा तोडून बघता?" मधली म्हणते, "बघ." मग दोघी बघतात. त्या पोरीने स्वतःच्या घरातल्या सगळ्या कात्र्या आणल्या, धार असलेल्या सुद्धा.

आणि मला परत आणू नकोस. मला वेशीवर बरं आहे. दार उघडायचं असेल तर कुणीतरी उभं लागतंच, आणि आत काय चाललंय ते तिथूनच नीट दिसतं. फक्त एक कर. त्या सेनापतीबाईला बसायला काहीतरी दे. दोन भाग लढलीये आणि हा सगळा भाग उभी आहे, पाय दुखतात. एक स्टूल दे. बाकी काही मागणं नाही.

तू सुटीत येशील तर ये. पोरगा पण असेल. आली नाहीस तरी चालेल, पण ये. तुझ्या खोलीत आम्ही जुने दगड ठेवलेत, ते हलवतो.

काल सकाळी मी दुकानाची किल्ली मधलीला दिली. इतकी वर्षं ती माझ्या कमरेला असायची. मी रोज शटर उघडायचे आणि ती मागून आत यायची. काल मी मागे उभी राहिले. तिने किल्ली लावली. शटर जड आहे, वर जाताना नेहमीसारखं अडकलं, तिने ते खांद्याने ढकललं. मग वळून माझ्याकडे बघितलं आणि एक वाक्य म्हणाली.

काय म्हणाली ते तू विचारणार, मला माहीत आहे. तुझ्या वहीचं पान तिकडे आत्ताच उघडलेलं असेल. पण तुझ्या पुस्तकात तिची मान गेली, बोटं गेली, दोरा गेला, आणि मी अख्खीच्या अख्खी गेले, नाकासकट. हे वाक्य जाणार नाही. हे तिने मला म्हटलंय.

तिला विचारशील तर तीही सांगणार नाही. मी बजावून ठेवलंय, आणि नाही म्हणायला ती आता शिकलीये.

नाही सांगत. संपलं.

ताई